गुलांग्यूवरचे ४२

लढाऊ जहाजं नांगरून उभी असताना होणाऱ्या वाटाघाटींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. ज्याच्या तोफा मोठ्या, त्याचंच खरं. वाणिज्यदूत नुसते सही-शिक्क्याचे धनी, असं मी वर्षानुवर्षं ठासून सांगत आलो. हे मत बदललं ते १९३९च्या गुलांग्यू प्रकरणानं.

चीनच्या आमोय बंदरासमोरचं हे बेट दोन चौरस किलोमीटरसुद्धा भरत नाही. १९०२च्या करारानं तिथे आंतरराष्ट्रीय वसाहत झाली. मे १९३८मध्ये जपाननं आमोय घेतलं, तेव्हा जीव वाचवायला लोक इथेच आले. वर्षभरानं आमोयच्या व्यापारी मंडळाच्या जपानधार्जिण्या अध्यक्षाचा बेटावर खून झाला आणि जपानला निमित्त मिळालं. नौसैनिक उतरले. मागोमाग मागण्या आल्या: नगरपरिषदेचं सचिवपद द्या, पोलीसप्रमुख आमचा नेमा, तैवानी रहिवाशांना मताधिकार द्या.

ब्रिटन, अमेरिका आणि फ्रान्सनं मग आपापले ४२ सैनिक उतरवले. ४२च का? कारण जपाननं आपली तुकडी कमी करून बेटावर तेवढेच ठेवले होते. पूर्वी मला हा दिखाऊपणा वाटायचा. आता त्यातली सोय कळते. लढायला हे बळ पुरणारं नव्हतंच, पण ‘तुम्ही निघा, मग आम्हीही निघतो’ एवढं म्हणायची जागा त्यानं करून दिली. जपानी आरमारानं मात्र मुख्य भूमीवरून धान्य-भाजीपाला आणणाऱ्या होड्या अडवल्या. बेटावर पिकतं ते किती! नाकेबंदीची झळ सैनिकांना नव्हे, चिनी कुटुंबांना लागली.

सप्टेंबरात युरोपात युद्ध पेटलं. ब्रिटिश गेले, फ्रेंच गेले. उरले अमेरिकन. माझ्या जुन्या हिशेबानं जपाननं आता बेट गिळायलाच हवं होतं. घडलं उलटंच. अमेरिकन वाणिज्यदूत मॅकव्हिटी आणि जपानचे उचिदा यांच्या पातळीवर बोलणी चालूच राहिली, आणि १८ ऑक्टोबरला दोन्ही तुकड्या एकाच वेळी बेट सोडून गेल्या. जपानला पोलीस दलात काही जागा मिळाल्या, जपानविरोधी हालचाली मोडून काढायचं आश्वासन मिळालं. सगळ्या मागण्या काही पदरात पडल्या नाहीत.

त्याच उन्हाळ्यात उत्तर चीनमधल्या तिएनत्सिनच्या ब्रिटिश वसाहतीचीही जपाननं नाकेबंदी केली होती. तो वाद थेट टोकियोत गेला, साम्राज्यांच्या अब्रूचा झाला, आणि जुलैत ब्रिटनला मानहानीकारक निवेदन मान्य करावं लागलं. आमोयच्या दूतांनी भांडण बेटाएवढंच ठेवलं. पोलिसात कोण, किती, कुणाच्या हाताखाली, यावर ते महिनोन्महिने घासाघीस करत बसले. या चिकाटीबद्दल मला आज मनापासून आदर आहे.

एक सल मात्र जात नाही. ज्यांच्या चुली थंडावल्या, त्या चिनी रहिवाशांना या बोलण्यांत बरोबरीचं स्थान नव्हतं. करारातली आश्वासनंही त्यांच्यावरच पाळत वाढवणारी होती. डिसेंबर १९४१मध्ये जपाननं बेट घेतलंच. ‘मग दूतांनी मिळवलं काय?’ असं मित्र विचारतात. आश्रयाला आलेल्या माणसांना मिळालेली दोन वर्षं मी त्यांच्यापुढे ठेवतो.