आधी काय करशील?

भिवंडी,
रविवार

चि. स्वाती,


तुझं पत्र मिळालं. मेडिकल-सर्जिकल नर्सिंग डोक्यात राहत नाही म्हणतेस. नुसते तक्ते घोकून तो विषय राहतही नाही. नर्सभरतीची नॉरसेट परीक्षा दे किंवा परदेशी जायचं म्हणून परवान्याची एनक्लेक्स दे, रोख एकच असतो: चारही पर्याय बरोबर वाटतात, त्यातलं आधी काय करशील? नॉरसेटला चुकीच्या उत्तरामागे एक तृतीयांश गुण कापतात, तेव्हा अंदाजपंचे ठोकायचं नाही.

त्यासाठी आपल्या गावाकडे बघ. 21 सप्टेंबर 2020च्या पहाटे पटेल कंपाउंडमधली जिलानी इमारत माणसं झोपेत असताना कोसळली. 2023च्या एप्रिलमध्ये वळपाड्यातही एक पडली. ढिगाऱ्यातून कुणी जिवंत निघाला की लोकांचा जीव भांड्यात पडतो. नर्सचा खरा घोर तिथून पुढे. तासन्‌तास चेंगरलेल्या स्नायूंतलं पोटॅशियम आणि मायोग्लोबिन, पाय मोकळा झाला की एकदम रक्तात येतं. आत्ता बोलत होता तो माणूस दगावू शकतो.

हे डोळ्यांपुढे ठेवून प्रश्न वाच. सलाईन कोणतं? एनएस, म्हणजे नॉर्मल सलाईन. आरएल, म्हणजे रिंगर लॅक्टेट नको, त्यात पोटॅशियम असतं. शक्य असेल तर ढिगाऱ्यातून काढण्याआधीच सुरू करतात. लघवी कोऱ्या चहासारखी दिसली तर मायोग्लोबिन मूत्रपिंडावर येतंय, म्हणून दर तासाची लघवी मोजायची. पोटॅशियम 6.8, ईसीजीत टी लाटा उंच आणि टोकदार, तर आधी काय? निम्म्या मुली इन्सुलिन-ग्लुकोजवर खूण करतात. ते पोटॅशियम पेशींत ढकलतं खरं, पण त्याला पंधरा-वीस मिनिटं लागतात. आधी कॅल्शियम ग्लुकोनेट, अर्थात डॉक्टरांच्या ऑर्डरनं. ते पोटॅशियम कणभरही उतरवत नाही, तेवढ्या वेळापुरतं हृदय सांभाळतं. हे एक ‘का’ कळलं की त्या धड्यातले बरेचसे प्रश्न आपोआप सुटतात.

दुसरा आपला घरचा विषय, यंत्रमाग. कामगार खोकताना दिसला की पुस्तकी मुली लगेच बिसिनोसिस म्हणतात. तो मुख्यतः कच्च्या कापसाच्या धुळीचा आजार. पिंजण आणि सूतकताईत जास्त, विणकामात कमी. सुटीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती आवळते, ही त्याची खूण. पण दहा बाय दहाच्या खोलीत पाळीपाळीनं झोपणाऱ्या माणसाचा खोकला दोन आठवड्यांवर गेला असेल, तर आधी टीबीच धरायचा आणि थुंकी तपासायला पाठवायची. मास्कही नीट लक्षात ठेव: पेशंटला साधा सर्जिकल, तुला एन-95. टीबीच्या औषधांपैकी रिफाम्पिसिननं लघवी नारिंगी होते, हे पहिल्या गोळीआधीच सांगायचं, नाहीतर घाबरून तो औषध सोडतो. एथॅम्ब्युटॉलनं लाल-हिरव्यातला फरक कळेनासा होऊ शकतो. विणकराला ‘दिसायला त्रास होतो का’ असं मोघम विचारू नकोस, ‘धाग्याचे रंग ओळखू येतात का’ असं विचार. असा प्रश्न छापील पुस्तकात मला तरी सापडला नाही.

छातीचाच विषय आहे, तर छातीत घातलेल्या नळीचंही थोडक्यात. बाटली नेहमी छातीच्या खाली. श्वासाबरोबर पाणी वरखाली होतं ते ठीक, सतत बुडबुडे आले तर कुठेतरी गळती. बाटली फुटली तर नळीचं टोक निर्जंतुक पाण्यात बुडव. चिमटा लावून बसू नकोस, आत हवा कोंडते. सीओपीडीच्या पेशंटला ऑक्सिजन 88 ते 92 टक्क्यांवर ठेवायचा, 100 दिसला म्हणून खूश व्हायचं नाही.

रोज शंभर प्रश्न सोडवल्याचं मला कळवू नकोस. वीसच सोडव, आणि उरलेले तीन पर्याय का मागे पडले ते प्रत्येकाखाली तुझ्या शब्दांत लिही. ती वही घेऊन पुढच्या रविवारी ये. माझी नाईट ड्युटी नाही.

तुझी,
मावशी