शेवटचा परिच्छेद

साताऱ्याच्या शाळेत आम्ही कवितेचं रसग्रहण लिहायचो. कवी, आशय, अलंकार, भाषा असे टप्पे ठरलेले आणि शेवटचं वाक्यही ठरलेलं: अशा प्रकारे ही कविता मनाला भिडते. गाइडातून पाठ केलेलं ते वाक्य कुठल्याही कवितेला चालायचं, आणि तेच मला खुपायचं. सगळ्याच कवितांना लागू पडणारं वाक्य या एका कवितेबद्दल काय सांगणार? पण मग शेवट करायचा कसा, हे कुणी शिकवत नव्हतं.

खरं तर उत्तर रोज तिन्हीसांजेला कानावर पडत होतं. आजोबा पसायदान म्हणायचे. पुढे बी.ए.ला ज्ञानेश्वरी सलग वाचली, तेव्हा त्याची जागा कळली. नऊ हजारांहून अधिक ओव्यांचं निरूपण संपवताना ज्ञानदेव मागच्या अध्यायांच्या उजळणीवर थांबत नाहीत. ते मागणं मागतात, तेही साऱ्या प्राणिमात्रांसाठी. पहिल्याच अध्यायात ते आलं असतं, तर नुसती सदिच्छा वाटली असती. अठरा अध्याय ऐकून झाल्यावर त्याला वजन येतं. समारोपाची माझी कसोटी तिथेच ठरली: तो आधीच्या मजकुरातूनच उगवलेला हवा, पण त्या मजकुराआधी लिहिता येऊ नये.

लग्नानंतर डब्लिनला आले. लेक इथल्या शाळेत जाऊ लागली आणि एका संध्याकाळी आयरिश कवी शेमस हीनी यांच्या ‘मिड-टर्म ब्रेक’वरचा निबंध घेऊन बसली. १९६६ च्या ‘डेथ ऑफ अ नॅचरलिस्ट’ या संग्रहातली ही कविता. हीनी डेरीच्या वसतिगृहात शिकत असताना, १९५३ साली, त्यांचा चार वर्षांचा भाऊ क्रिस्टोफर रस्त्यावरच्या अपघातात गेला. त्यानंतर घरी परतण्याची ही कविता. लेकीने शेवटी लिहिलं होतं, की कवीने प्रतिमांचा प्रभावी वापर करून दुःख व्यक्त केलं आहे. साताऱ्याचंच वाक्य, इंग्रजीत.

“आई, सगळं लिहून झालंय. आता नवीन काय लिहू?”

“नवीन काही शोधू नकोस. लिहिलंयस तेच परत बघ. वडील रडतात, आई उसासे टाकते. तो मुलगा काय करतो?”

ती वहीत वर गेली, मग खाली आली. सुरुवातीला शाळेच्या आजाऱ्यांच्या खोलीत बसून तो तासांच्या घंटा मोजतो. शेवटच्या ओळीत भावाच्या शवपेटीची लांबी मोजतो, वर्षाला एक फूट.

“तो मोजतोय,” ती म्हणाली. “सारखा मोजतोय.”

दोन्ही गोष्टी तिच्या निबंधात होत्या, दोन वेगवेगळ्या परिच्छेदांत. तिने जुना शेवट खोडला आणि लिहिलं, की ज्या मुलाला रडता येत नाही ते मोजत बसतं, आणि या कवितेतलं दुःख त्या आकड्यांत आहे. हे वाक्य दुसऱ्या कुठल्या कवितेला चालणार नाही.

आता तिची लीव्हिंग सर्टची, म्हणजे इथली शाळा संपतानाची, परीक्षा जवळ आली आहे. इंग्रजीचा दुसरा पेपर तीन तास वीस मिनिटांचा, सगळा साहित्याचा. दीर्घ उत्तरांत हेतूची स्पष्टता, मांडणीतली सुसंगती आणि भाषेचा वापर यांना प्रत्येकी ३० टक्के, शुद्धलेखन-व्याकरणाला १० टक्के. ही वाटणी मला मनापासून पटते. विचारलेला प्रश्न शेवटपर्यंत हातात धरला होता का, हे शेवटच्या परिच्छेदातच उघडं पडतं.

म्हणून लेकीला सांगते: त्या परिच्छेदासाठी वेळ राखून ठेव. प्रश्न पुन्हा वाच, मग आपलं उत्तर वाच. लांब लांबच्या दोन मुद्द्यांना जोडणारं काय आहे ते शोध आणि स्वतःच्या शब्दांत ठामपणे लिही. वाचणारा आपल्याबरोबर सबंध वाट चाललेला असतो. निघालो होतो त्याच जागी त्याला आणून सोडायचं नसतं.