कुंडीतले एकेंद्रिय



कुंड्या ठेवाव्यात का, हा प्रश्न मला फक्त आपल्यातल्या बायका विचारतात. बाकीच्यांना त्या कशा जगवाव्यात एवढंच हवं असतं. आपल्याला दोन्हींची उत्तरं लागतात.

आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितलेत. त्यातला एक प्रमादचर्या. विनाकारण माती उकरणं, पाणी सांडणं, झाड तोडणं हे सगळं त्यात येतं. म्हणजे बागकामाची जवळजवळ पूर्ण यादीच! पण 'विनाकारण' हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. गृहस्थाकडून आरंभी हिंसा होतेच, चूल पेटवली तरी होते. ती किती कमी होईल आणि कशासाठी होतेय, हे बघायचं.

माझ्या सासूबाईंचा आक्षेप मात्र वेगळा होता आणि तो मला जास्त लागला. त्या म्हणाल्या, "अगं, जमिनीतलं झाड आपलं पाणी आपण शोधतं. कुंडीतल्या जिवाला तू बांधून ठेवतेस. तो आता तुझ्याच तोंडाकडे बघणार." त्यामुळे मी आकडा ठरवून घेतला, सात कुंड्या. परिग्रह-परिमाणात कपड्यांइतकीच कुंड्यांचीही मोजणी. आठवं रोप कुणी दिलंच, तर ते वाडीत जमिनीत लावायचं.

आता जगवण्याचं. रेवसला विदर्भासारखं ऊन नाही, पण खाडीवरचा खारा वारा आणि सिमेंटच्या गच्चीची धग आहे. काळी प्लॅस्टिकची कुंडी एप्रिलमध्ये हात लावू देत नाही, आत मुळं शिजतात. मातीचीच घ्या, दहा-बारा इंची. पश्चिमेच्या भिंतीपासून लांब, सकाळचं ऊन आणि दुपारनंतर सावली मिळेल अशी ठेवा. भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रोप आणलंत, तर घरी आल्यावर पानं ओल्या फडक्याने पुसा. खारे तुषार बसलेले असतात, त्याने पानांच्या कडा करपतात. पहिले आठ-दहा दिवस पूर्ण सावलीत असू द्या.

पाण्याच्या बाबतीत आपला आचार आणि झाडाची गरज बऱ्याचदा एकाच बाजूला असतात, याची मला गंमत वाटते. कुंडीखाली बशी ठेवायची नाही. साचलेल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत डास तयार होतात, म्हणजे त्रस जीव जन्माला घालून मग ते पाणी ओतून मारायचे. बशी नसली की मुळंही कुजत नाहीत. पाणी सकाळीच, उजाडल्यावर. अंधारात मातीवर कोण फिरतंय ते दिसत नाही, आणि आपल्या दमट हवेत रात्रभर ओली राहिलेली पानं बुरशी धरतात. रोज घालायचंच असंही नाही. बोट दोन पेरं मातीत घालून बघा, ओल लागली तर त्या दिवशी सुट्टी. डाळ-तांदूळ धुतलेलं गाळलेलं पाणी तिथेच लगेच वापरलं, तर वेगळं पाणी फार लागत नाही. उन्हाळ्यात खाडीकडच्या विहिरीचं पाणी मचूळ होतं, कुंडीच्या काठावर पांढरे थर दिसू लागतात. ते पाणी नको. कुंडीच्या तळाशी आणि वर नारळाची सोडणं घाला. इथे ती फुकट मिळतात आणि मे महिन्यात एक दिवसाआड पाण्यावर भागतं.

खताचं विचाराल, तर किनाऱ्यावर नारळाला मासळीचं खत घालतात. आपल्याला ते नाही आणि हाडांचा चुराही नाही. नर्सरीतली तयार खतमाती घेताना त्यात बोनमील आहे का ते विचारा, बऱ्याचदा असतं. शेंगदाण्याची पेंड मूठभर पुरते.

खरी अडचण किडीची. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण येतो, पांढरा, कापसासारखा. त्याच्या गोड चिकट रसासाठी मुंग्या येतात आणि त्याची राखणही करतात. फवारणी मी करत नाही. निंबोळी तेल 'नैसर्गिक' म्हणून चालतं असं पुष्कळ जणी म्हणतात, पण किडा गुदमरतो तो गुदमरतोच. नैसर्गिक हा शब्द आपल्या हिशेबात कुठे बसतो? म्हणून मी जास्वंद कुंडीत ठेवतच नाही. घरात होती ती वाडीच्या कुंपणाशी जमिनीत गेली. तिथेही कीड आहे, पण झाड दांडगं आहे, दोघं राहतात. कुंडीत कोरफड, गवती चहा, अडुळसा, सदाफुली आणि मोगरा ठेवा. यांना त्रास कमी होतो. मोगऱ्याची मी गळून पडलेली फुलंच उचलते.

कुंडी बदलण्याबाबत सगळे सांगतात की पावसात बदला. आपल्या चातुर्मासात माती जिवांनी भरलेली असते, तेव्हा उकरणं नको वाटतं. मी पौष-माघात बदलते. माती कोरडी असते, हवा सौम्य असते, रोपाला उन्हाळ्याआधी दोन महिने मिळतात. माती उन्हात तापवून 'निर्जंतुक' करायचा सल्ला असतो, तोही नको. सावलीत पसरून ठेवली की ज्याला जायचं तो निघून जातो. गांडूळ सापडलं तर त्याच मातीसकट परत आत.

राहिला यात्रेचा प्रश्न. कुंभोज-बाहुबलीला जायचं म्हटलं की पाच-सहा दिवस लागतात. सातही कुंड्या आंब्याच्या सावलीत एकमेकींना चिकटून ठेवायच्या, सोडणं भिजवून वर घालायची आणि शेजारच्या वहिनींना सांगून जायचं. गेल्या वेळी सासूबाईंनीच फोन करून वहिनींना विचारलं, "मोगऱ्याला पाणी घातलंत ना?"