मांडीवर मावेल एवढी

मोठी गिटार मांडीवर घेतली की सगळ्यांत आधी उजवा खांदा उचलला जातो. हात खोक्याच्या कडेवरून पलीकडे टाकायचा, कोपर अधांतरी, आणि लाकडाची धार नेमकी दंडाच्या आतल्या मऊ भागात रुतते. थोड्या वेळात बोटांना मुंग्या येतात. लहान गिटारची कंबर बारीक असते. ती मांडीवर खोल बसते, हात तिच्यावर सैल पडतो, आणि मान जरा खाली घातली तर हनुवटी लाकडाला टेकेल इतकी ती जवळ येते. गिटारबद्दल बोलणारे लोक नादापासून सुरुवात करतात. मी खांद्यापासून करतो. ज्या वाद्याने खांदा दुखतो ते हळूहळू कपाटाच्या माथ्यावर जातं, मग त्याचा खर्ज कितीही गंभीर असो.

आपल्याकडच्या दुकानांत गिटार इंचांवर विकतात. ३८, ३९, ४०, ४१. हे माप या टोकापासून त्या टोकापर्यंतच्या लांबीचं. वाद्याचा स्वभाव खरं तर खोक्याच्या रुंदीत आणि खोलीत असतो, पण गिऱ्हाईक लांबी विचारतं आणि दुकानदार लांबी सांगतो. ४१ म्हणजे ‘जंबो’. विक्रेता ती भिंतीवरून काढतो, खुंट्या पिळतो, जी मेजर एकदाच दणकून वाजवतो आणि म्हणतो, “आवाज बघा, दादा!” काचा थरथरतात. त्या क्षणी बाजूची लहान गिटार बिचारी फार किरकोळ वाटते. विकत घेणाऱ्याला दुकानात जे आवडतं तेच घरी आवडेल असं थोडंच आहे? दुकानात तो ऐकायला उभा असतो, घरी त्याला वाजवायचं असतं.

या जंबोचा मूळपुरुष अमेरिकेत जन्मला, आणि तोही गरजेपोटी. एकोणिसाव्या शतकात गिटार हे तिथल्या दिवाणखान्याचं वाद्य होतं. सॅक्सनीतल्या मार्कनॉयकिर्शन गावाहून आलेल्या ख्रिस्तियान फ्रेडरिक मार्टिनने १८३३ मध्ये न्यूयॉर्कला दुकान थाटलं आणि काही वर्षांत पेनसिल्व्हेनियातल्या नाझरेथला बिऱ्हाड हलवलं. कंपनी अजून तिथेच आहे. मार्टिनच्या मापांचा हिशेब उलटा: आकडा मोठा तितकी गिटार लहान. १ नंबरच्या गिटारचा खालचा फुगवटा जेमतेम पावणेतेरा इंच रुंद, तारा तातीच्या, आणि ऐकणारे समोरच्या कोचावर बसलेले. मग लोकांना आणखी मोठी हवी झाली. आकडे संपले तेव्हा शून्य आलं, मग दोन शून्यं, आणि १९०२ मध्ये तीन शून्यं, म्हणजे १५ इंच. आज ज्या ‘ट्रिपल ओ’ला आपण लहान गिटार म्हणून लाडाने जवळ घेतो, ती त्या काळची राक्षसीण होती.

तरीही पुरेना. एकीकडे हवाईयन संगीताची लाट, दुसरीकडे बँजो आणि मँडोलिनचा कडकडाट, आणि मायक्रोफोनचा पत्ता नाही. १९१६ मध्ये मार्टिनने ऑलिव्हर डिटसन या कंपनीसाठी रुंद कमरेची, खोल पोटाची एक गिटार बनवली आणि तिला १९०६ साली पाण्यात उतरलेल्या ब्रिटिश युद्धनौकेचं नाव दिलं: ड्रेडनॉट. गंमत म्हणजे पुढची पंधरा वर्षं ती डिटसनच्याच नावाने विकली गेली. मार्टिनने तिच्यावर स्वतःचं नाव घातलं ते १९३१ मध्ये. पुढे बिल मन्रोच्या ब्लूग्रास मंडळींत अर्ल स्क्रग्जचा बँजो ठिणग्या उडवत असे, आणि त्याच्या शेजारी लेस्टर फ्लॅट ड्रेडनॉटवर खालच्या तारांचा ठेका धरून असे. तिथे दिवाणखान्यातली गिटार नेली असती तर ती दिसली असती फक्त. दरम्यान गिब्सननेही मागे राहायचं नाही म्हणून रे व्हिटली या पडद्यावरच्या काउबॉयसाठी जवळपास १७ इंच रुंदीची महाकाय गिटार केली. काउबॉयला ती शोभतही असणार.

मोठं खोकं नक्की करतं काय? एक गोष्ट आधी बाजूला ठेवायला हवी. नाद मुख्यतः समोरच्या फळीचा असतो, बाजूंचा आणि पाठीचा वाटा त्यामानाने थोडा. स्पेनच्या आंतोनिओ दे तोर्रेसने १८६२ मध्ये हे दाखवायला एक गिटारच बनवली: पाठ आणि बाजू कागदाच्या लगद्याच्या, समोरची फळी मात्र उत्तम स्प्रूसची. पोलादी तारांच्या गिटारमध्ये ही फळी सुमारे तीन मिलिमीटर जाड असते आणि तिला सहा तारांचा मिळून ७० किलोच्या वरचा ताण पेलायचा असतो. पातळ केली तर वाकते, जाड केली तर मुकी होते. आतून तिरप्या पट्ट्या लावून कारागीर या दोन्हींच्या मधली वाट काढतो. फळी लहान असली की वजनही कमी, त्यामुळे ती हलक्या बोटालाही चटकन ओ देते. मोठ्या फळीला जागं करायला जरा जोर लागतो, पण एकदा जागी झाली की ती पुष्कळ हवा ढकलते.

दुसरा खेळ खोक्यातल्या हवेचा. मधल्या भोकातून ही हवा आतबाहेर श्वास घेते, आणि बहुतेक गिटारांत तिची आपली अशी एक गाज असते, सेकंदाला शंभर कंपनांच्या आसपास. खोकं मोठं झालं की ही गाज खाली उतरते, लहान झालं की वर चढते. सर्वांत जाड तारेचा मूळ स्वर ८२ कंपनांचा. मोठी गिटार त्याच्या बरीच जवळ पोचते, म्हणून तिचा खर्ज छातीला लागतो. लहान गिटार तो मूळ स्वर पुरता उचलूच शकत नाही. ती त्याचे वरचे उपस्वर देते, आणि आपला कान त्यांच्यावरून खालचा स्वर मनातल्या मनात भरून काढतो. तिच्यात खर्ज नाही म्हणणाऱ्यांना मी हेच सांगतो. खर्ज आहे, पण अर्धा तुम्ही आणायचा.

त्या बदल्यात ती सहाही तारा वेगवेगळ्या ऐकवते. बोटांनी वाजवताना अंगठ्याची चाल खाली स्वतंत्र चालू राहते, वरची सुरावट तिच्यात बुडत नाही. मात्र तिच्यावर पिकने तडाखे मारले की ती कोंदते. अमुक मर्यादेपलीकडे तिला रागावून बोलता येत नाही. शिवाय ती चुगलखोर आहे. अर्धवट दाबलेली तार, पडद्यावर घसरलेलं बोट, सगळं सांगून टाकते. मोठीच्या घुमाऱ्यात हे गुपचूप झाकलं जातं.

मिरजेच्या तंतुवाद्य कारागिरांच्या गल्लीत मर्दानी आणि जनानी तंबोरे शेजारी शेजारी उभे असतात. तिथे आकार ठरतो तो गाणाऱ्याच्या पट्टीवरून: खालच्या पट्टीला मोठा भोपळा, वरच्या पट्टीला लहान. गिटारचं तसं नाही. लहान असो की मोठी, दोन्ही एकाच सुरांत लावतात. त्यामुळे कुठली घ्यायची हे पट्टी सांगत नाही. ऐकणार कोण, किती जण आणि किती लांबून, हे सांगतं. माझ्यापुरतं म्हणाल तर मी रात्री जेवणानंतर वाजवतो, भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचं तान्हं बाळ झोपलेलं असतं, आणि श्रोता एकच, तोही मीच. अशा वेळी युद्धनौका घेऊन काय करायचं?

बोटांनी वाजवणाऱ्याने लहान घ्यावी, पिकने वाजवणाऱ्याने मोठी, असा एक सोपा ठोकताळा सांगतात. वाईट नाही. पण न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर गाणारे अंध रेव्हरंड गॅरी डेव्हिस गिब्सनच्या त्याच महाकाय गिटारवर, जे-२०० वर, अंगठा आणि एका बोटाने अख्खा वाद्यवृंद उभा करत, आणि ठोकताळा तिथेच थिटा पडतो. रस्त्यावर वाजवायचं तर आवाज हवाच ना. उलट १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला गायिका जोन बाएझ मार्टिनची १९२९ सालची चिमुकली ०-४५ घेऊन मंचावर येत असे. तिच्यासमोर मायक्रोफोन होता.

हा मायक्रोफोनच सगळ्या गोष्टीचा सांधा आहे. ज्या अडचणीसाठी गिटारचं पोट वाढलं ती अडचण त्याने सोडवली, पण पोट काही उतरलं नाही. लोकांच्या डोळ्यांना तोच आकार गिटारचा आकार म्हणून बसला. ध्वनिमुद्रणाच्या खोलीत तर मोठीचा तो भरदार खर्ज अनेकदा कापूनच टाकावा लागतो, कारण तिथे बेस आणि ड्रमला जागा हवी असते. १९९२ मध्ये एरिक क्लॅप्टनने ‘अनप्लग्ड’साठी १९३९ सालची ट्रिपल ओ मांडीवर घेतली, आणि विस्मरणात चाललेल्या लहान गिटारला पुन्हा बरे दिवस आले. २०१५ च्या जुलैत एड शीरनने वेम्बली स्टेडियम ओळीने तीन रात्री भरवलं. मंचावर तो एकटा, पायाखाली लूप पेडल आणि हातात जवळजवळ खेळण्याएवढी गिटार. लेस्टर फ्लॅटला हे सांगितलं असतं तर त्याने टोपी मागे सारून एकदा नीट बघितलं असतं.

कोकणपट्टीत आणि मुंबईत राहणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. सॉलिड फळीची गिटार पावसाळ्यात पाणी पिते. लाकूड आडवं फुगतं, घोडीच्या मागे पोट सुटतं आणि तारा पडद्यांवरून उंच उठतात. फळी जितकी रुंद तितका हा फुगवटा जास्त. प्लायच्या गिटारला हे दुखणं फारसं नाही, पण तिला वयाबरोबर येणारा गोडवाही बेताचाच. जून ते सप्टेंबर गिटार केसमध्ये, सोबत सिलिका जेलच्या पुड्या.

इतकं सगळं लहानीच्या बाजूने बोलून झाल्यावर भाच्याला मी मोठी घेऊन दिली. तो हॉस्टेलला राहतो. रात्री गच्चीवर पोरं जमतात, सगळे एकदम गातात, निम्मे बेसूर, आणि माइक नावाला नाही. तिथे मधोमध बसून चार कॉर्ड्स धरणाऱ्याला ४१ इंचांची नाही तर दुसरी कुठली द्यायची? दुकानात तो माझ्याकडे संशयाने बघत होता. “मामा, तू तर जंबोला शिव्या देतोस.” मी म्हटलं, “माझ्या खोलीत देतो. तुझ्या गच्चीवर नाही.” तारा तेवढ्या दुकानातच बदलून अकरा गेजच्या लावून घेतल्या, पहिल्या वर्षी पोराची बोटं टिकली पाहिजेत. उंची चांगली पावणेसहा फूट असल्याने खांद्याची तक्रार अजून आलेली नाही. तक्रार आहे ती बहिणीची. सुट्टीत तो घरी येतो तेव्हा लोकलच्या गर्दीत ही पेटी कुणी सांभाळायची यावर दोघांचं दर वेळी वाजतं.