हे कुणाकडं बघून लिहिलंय?

बेळगाव जिल्ह्यातल्या जांबोटीजवळच्या एका काजू कारखान्यात मी सुपरवायझर म्हणून लागले, तेव्हा हाताखालच्या सगळ्या बायका माझ्याहून थोरल्या होत्या. काहींनी तर मला दप्तर घेऊन शाळेला जाताना बघितलेलं. माझ्याकडं बी.कॉम.चा कागद, आणि समोर कुणी मामी, कुणी आक्का, एक तर सख्खी चुलती. चुलतीला ‘जरा हात चालवा’ म्हणायचं कसं? माझी अडचण मालकांच्या ध्यानात आली असावी. त्यांनी मला बेळगावात नेतृत्वाच्या शिबिराला धाडलं.

तिथून येताना वही भरली होती आणि डोकं पार गोंधळलं होतं. पहिल्या पानावर थॉमस कार्लाइल: १८४०च्या व्याख्यानांत त्यांनी सांगितलं, की जगाचा इतिहास थोर पुरुष घडवतात. पुढच्याच पानावर राल्फ स्टॉगडिल. त्यांनी १९४८ साली तोवरचं संशोधन चाळून म्हटलं, की नुसत्या अंगच्या गुणांवर कुणी नेता ठरत नाही. मग ब्लेक आणि माउटन यांची १९६४ची चौकट. एका बाजूला कामाची काळजी, दुसऱ्या बाजूला माणसांची, दोन्हीला एक ते नऊ गुण, आणि नऊ-नऊवाला सर्वांत चांगला. हे पटेपर्यंत फ्रेड फीडलर आले आणि म्हणाले, सगळीकडं चालणारी अशी एक शैलीच नसते.

फीडलर यांची एक गमतीची परीक्षा आहे. ज्याच्याबरोबर काम करणं आजवर सर्वांत नको झालं, त्या माणसाला गुण द्यायचे. त्यालाही बरे गुण दिले तर तुमची ओढ माणसांकडं, हात आखडला तर कामाकडं. मी कुणाला किती गुण दिले ते सांगत नाही, गाव लहान आहे. पण फीडलर यांचं म्हणणं असं, की माणसाची शैली सहसा बदलत नाही, परिस्थिती बदलून घ्या. आणि १९६९मध्ये हर्सी आणि ब्लँचर्ड म्हणतात, की समोरच्याची तयारी बघून तुम्हीच शैली बदला. आता कारखान्यात जाऊन मी स्वतःला बदलू, का कारखान्याला?

कारखान्यात तर यांपैकी काहीच कुठं बसेना. आमच्याकडं बी आधी बॉयलरच्या वाफेवर निघते, मग थंड होते. कटिंगच्या बायका हातापायाच्या यंत्रावर एकेक बी फोडतात. टरफलातल्या तेलानं कातडी भाजते, म्हणून हाताला तेल किंवा मोजे. आतला गर भट्टीत वाळतो, मग त्याची साल काढायची, मग प्रतवारी. डब्ल्यू-३२० म्हणजे एका पौंडात साधारण तीनशे ते तीनशेवीस अख्खे काजू. गर अख्खा निघाला तर भाव, पाकळी झाली तर कमी, तुकडा झाला तर आणखी कमी. कटिंग आणि सोलणीची मजुरी किलोवर. जी थांबते तिचंच नुकसान, हे तिला माझ्याआधी कळतं. तिथं मी हुकूमशाही लावू कुठं आणि लोकशाही कुठं?

शेवटी मी वहीत प्रत्येक नावापुढं एकच प्रश्न लिहायला लागले: यांनी कुणाकडं बघून हे लिहिलं? उत्तरं वाचून गोंधळ बराच निवळला. कुर्ट लेविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या हुकूमशाही, लोकशाही वगैरे १९३९च्या प्रसिद्ध तीन शैली मुखवटे वगैरे बनवणाऱ्या दहा वर्षांच्या मुलांच्या गटांवरून आल्या. फीडलर यांनी बास्केटबॉलचे संघ, जमीन मोजणाऱ्या तुकड्या, बॉम्बफेकी विमानांतले गट बघितले. जेम्स बर्न्स यांचं १९७८चं पुस्तक मुख्यतः राजकारणातल्या पुढाऱ्यांवर. ‘नेता आधी सेवक’ म्हणणारे रॉबर्ट ग्रीनलीफ टेलिफोनच्या एका अवाढव्य कंपनीत नोकरी करून निवृत्त झालेले. जो तो आपल्या समोरच्या माणसांपुरता खरा असेल. पण किलोवर काजू सोलणाऱ्या चुलत्या-माम्यांकडं यांच्यातल्या कुणी बघितलेलं नव्हतं.

जवळ आले ते कर आणि जर्मियर. शिबिरात त्यांना जेमतेम दोन मिनिटं मिळाली. १९७८मध्ये त्यांनी मांडलं, की बऱ्याच ठिकाणी नेत्याचं काम दुसरंच काहीतरी करून टाकतं: मुरलेला हात, ठरलेलं काम, झालेलं बरंवाईट लगेच दाखवणारी वस्तू, एकमेकींना धरून असलेला गट. मी आमच्या सोलणीकडं बघितलं तर चारही गोष्टी तिथं हजर. पावसाळ्यात इकडची हवा एवढी ओली, की गर सादळतो आणि साल चिकटून बसते. भट्टीतला ट्रे झाला का नाही, ते आमची थोरली आक्का दोन गर चिमटीत धरून सांगते. नवीन पोरगी आली तर तिच्याच शेजारी बसते. तिथं माझी गरज नाही, हे कळल्यावर मला आधी वाईट वाटलं, मग हायसं वाटलं.

माणसांवर विश्वास टाकून काम सोपवणं बेळगावकडच्या कुणी आधी केलंच नव्हतं असंही नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, जन्म १८६९चा. बेळगावात सायकलींचं दुकान, मग लोखंडी नांगर. १९१०मध्ये औंधच्या राजांनी जागा दिली तेव्हा ते किर्लोस्करवाडीला गेले. तिथं त्यांनी शाळेत नापास झालेल्यांवर मोठी कामं सोपवली, तुरुंग भोगून आलेल्यांना राखणीला ठेवलं. माणसाला मुळात काम नको असतं असं धरून चालणारे मालक आणि माणूस जबाबदारी घेतो असं मानणारे मालक, ही विभागणी डग्लस मॅकग्रेगर यांनी मांडली १९६०मध्ये. लक्ष्मणराव त्याच्या पन्नास वर्षं आधी दुसऱ्या पंगतीत बसलेले.

मग माझी गरज कुठं? वीज गेली आणि बॉयलरमधला माल अर्धवट राहिला तर. प्रतवारीच्या टेबलावर पाकळी कुणाच्या हातून झाली यावर जुंपली तर. आणि रोप लावणीत. जुलैत बायका आपापल्या शेतात जातात, कारखाना निम्मा रिकामा होतो आणि सणासुदीच्या मालाची तयारी तेव्हाच करायची असते. यंदा मी रजेचा तक्ता केलाच नाही. सोलणीला रोज किमान किती हात लागतील तेवढा आकडा सांगितला आणि बाकी बायकांवर सोडलं. कुणाचा तरवा आधी तयार, कुणाच्या वाफ्यात पाणी आहे, कुणाचा पैरा कुणाकडं, हे बघून आक्कानं पाळ्या लावल्या. मला हे जमलं नसतं, कारण कुणाच्या वाफ्यात पाणी हे माझ्या रजिस्टरला माहीत नाही.

एक गोष्ट मात्र मला खटकते. नेत्याच्या जागी दुसरं काहीतरी काम करतं असं कर आणि जर्मियर म्हणतात, आमच्याकडं ते ‘दुसरं काहीतरी’ म्हणजे आक्का. नवीन पोरीला शिकवताना, ट्रे तपासताना, पाळ्या लावताना तिची स्वतःची सोलणी थांबते आणि तिचं वजन कमी भरतं. म्हणजे नेतृत्व करायला ती पदरचे पैसे घालते आणि पगार मला मिळतो. तेवढ्या वेळाची तिला रोजंदारी लावा, असं मी मालकांना सांगितलंय. ते ‘बघू’ म्हणालेत. मी रजिस्टरला तिच्या नावापुढं एक रकाना वाढवलाय, आणि शनिवारी पगाराला बसण्याआधी तो त्यांच्यापुढं उघडून ठेवते.