सगळंच शुगरच्या खात्यावर नको

आमच्या ह्यांना शुगर निघून जेमतेम चार वर्षं झाली होती. गोळ्या वेळेवर, एचबीएवनसी सातच्या आसपास. तरी पावसाळ्यात पाय सुजले. नडगीवर बोट दाबलं की खळगा पडायचा आणि बराच वेळ तसाच राहायचा. लघवीला फेस येऊ लागला. तपासणीत प्रोटीन भरपूर निघालं. ‘शुगर आहे म्हटल्यावर किडनी जाणारच,’ असं ज्याने त्याने ऐकवलं.

किडनीच्या डॉक्टरांनी मात्र आधी विचारलं, “डोळ्यांचा पडदा तपासलाय का?” मधुमेहाने किडनीतल्या बारीक रक्तवाहिन्या बिघडतात, तशा पडद्यातल्याही. शिवाय हे नुकसान सहसा वर्षानुवर्षं हळूहळू होतं. इथे सूज एकाएकी आलेली. डोळ्यांत औषध घालून पडदा पाहिला, तो स्वच्छ निघाला. “एवढ्यावरून शुगर सुटली असं नाही,” डॉक्टर म्हणाले, “पण दुसरं कारण शोधायलाच हवं.”

रक्तात पीएलएटूआर नावाच्या प्रथिनाविरुद्धची अँटिबॉडी सापडली, म्हणजे दुसरं कारण असल्याची खूण मिळाली. मधुमेहाचाही त्यात वाटा आहे का, हे कळायला बायोप्सी ठरली. रक्त पातळ करणारी गोळी डॉक्टरांनी आठवडाभर आधी बंद केली. ह्यांना पालथं झोपवून, पाठीत भूल देऊन, सोनोग्राफीत बघत सुईने किडनीचे धाग्याएवढे तुकडे काढले. मग रात्रभर उताणं पडून राहायचं. दर वेळची लघवी मी सिस्टरना दाखवत होते, लाल तर होत नाही ना म्हणून.

रिपोर्ट आला: मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथी. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच किडनीतल्या गाळणीवर उलटते, तो हा आजार. मधुमेहाच्या खुणा नव्हत्या. म्हणजे नुसती शुगर आवरून भागलं नसतं. स्टेरॉइडने साखर भडकते, म्हणून डॉक्टरांनी रिटुक्सिमॅबची इंजेक्शनं निवडली. सूज उतरली, प्रोटीन सावकाश कमी होतंय.

बायोप्सी प्रत्येकालाच लागते असं नाही. बऱ्याच जणांची किडनी खरोखर मधुमेहानेच बिघडते. पण शुगर नवी असेल, सूज एकदम आली असेल, लघवीत रक्त दिसत असेल किंवा क्रिएटिनिन भराभर चढत असेल, तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा: “हे शुगरमुळेच आहे कशावरून?” आणि जाताना पडद्याचा रिपोर्ट फाइलमध्ये ठेवा.