शिकवले, पण शिकले का?

आपल्या वस्तीतल्या आईबापांना शिक्षणाचे महत्त्व आता कोणी पटवून द्यावे लागत नाही. पोटाला चिमटा घेऊन माणसे वह्यापुस्तके घेतात, क्लासची फी भरतात. बिगारीकाम करणारा बाप पोरीला शाळेसाठी सायकल घेऊन देतो. शाळेच्या दारापर्यंत आपण मुलांना पोहोचवले, ही गोष्ट लहान नव्हे. परंतु त्या दारातून आत गेल्यावर वर्गात नेमके काय घडते, याचा विचार आपण फारसा करीत नाही. ते मास्तरांचे काम, आपल्याला त्यातले काय कळणार, असे म्हणून गप्प बसतो. आज मला त्याच विषयावर चार शब्द सांगायचे आहेत.

मी शिक्षक नव्हे. बी. कॉम. झालेला, हिशेब विभागात काम करणारा साधा कारकून आहे. कल्याण पूर्वेला आमच्या वस्तीत आम्ही काही कार्यकर्ते संध्याकाळी साडेसातनंतर विहारात अभ्यासवर्ग चालवतो. पाचवी ते दहावीची तीस-पस्तीस मुले येतात. सतरंज्या अंथरायच्या, एक फळा भिंतीला टेकवायचा, की झाला वर्ग. कामावरून येऊन या मुलांत बसताना गेल्या पंधरा वर्षांत जे पाहिले, त्यावरून बोलतो आहे.

वर्गात सर्वांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न कोणता, असे मी एकदा मुलांना विचारले. सगळी एका सुरात म्हणाली, "समजलं का?" आणि त्याचे उत्तर? पुन्हा सगळी एका सुरात, "होऽऽ!" मग हसू लागली. त्या "हो" मध्ये ज्याला समजले तोही असतो आणि ज्याला काहीच समजले नाही तोही असतो. न समजलेला तर जरा जास्तच मोठ्याने "हो" म्हणतो, कारण त्याला उभे राहायची भीती असते. गुरुजी पुढच्या धड्याकडे वळतात. पोर्शन वेळेवर संपतो.

जमाखर्च शिकलेल्या माणसाला हे खटकते. आमच्याकडे पहिला धडा असतो तो दुहेरी नोंदीचा. एका बाजूला नावे पडले की दुसऱ्या बाजूला तेवढेच जमा पडले पाहिजे. नाहीतर तेरीज जुळत नाही आणि साहेब वही तोंडावर फेकतो. वर्गात मात्र 'शिकवले' ही एकच बाजू लिहिली जाते. 'शिकले' ही दुसरी बाजू कोरी राहते आणि ती कोरी आहे हे परीक्षेच्या निकालापर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही. 'असर' नावाची पाहणी २००५ पासून देशाच्या ग्रामीण भागात मुलांच्या घरी जाऊन केली जाते. पाचवीतल्या मुलाला दुसरीच्या पुस्तकातला उतारा वाचता येतो का, हे ते पाहतात. २०१८ साली शंभरातली जेमतेम पन्नास मुले वाचू शकली. कोरोनात शाळा बंद राहिल्यानंतर, २०२२ साली, हा आकडा ४३ च्या आसपास आला. २०२४ साली तो पुन्हा निम्म्याच्या जवळ गेला. म्हणजे चांगल्या वर्षीसुद्धा निम्म्या मुलांच्या खात्यात चार वर्षे नुसती एकच बाजू लिहिली गेली.

ही दुसरी बाजू कोरी का राहते? मुलांना डोके नसते म्हणून? आमच्या वर्गातली एक गोष्ट सांगतो.

सहावीतली एक मुलगी. तिची आई स्टेशनजवळ भाजी विकते. शाळा सुटली की मुलगीही गाडीवर बसते आणि तिथून वर्गाला येते. गणितात कच्ची, असा शेरा तिच्या प्रगतिपुस्तकावर दोन वर्षे होता. बाप म्हणू लागला होता, "डोकं चालत नसेल तर कशाला वर्षं वाया घालवायची? आईला तरी मदत होईल." त्या दिवशी तिच्या वहीत गणित होते: एक किलोचा भाव ८० रुपये, तर तीन छेद चार किलोचे किती? ती पेन्सिल चावत बसली होती. मी वही मिटली आणि विचारले, "बाळ, भेंडी ऐंशी रुपये किलो. गिऱ्हाईकाला पाऊण किलो दिलीस तर किती घेशील?"

माझे वाक्य संपायच्या आत ती म्हणाली, "साठ."

"कसे काढलेस?"

"अर्ध्याचे चाळीस, पावाचे वीस. झाले की साठ, काका."

मी वही उघडून त्या तीन छेद चारवर बोट ठेवले. म्हटले, "हे म्हणजे पाऊणच." ती थोडा वेळ त्या आकड्यांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मग शाळेत त्याला पाऊण का नाही म्हणत?"

आपल्या मराठीत पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच अशी अपूर्णांकांची किती सुंदर नावे आहेत. आपल्या आयाबाया ती तराजूवर, मापावर रोज वापरतात. मुलगी ही सारी पुंजी घेऊनच वर्गात गेली होती. पण तिच्या जवळ काय आहे हे कोणी विचारलेच नाही. अंश आणि छेद हे शब्द नवीन, त्यांची ओळख जुन्या शब्दांशी कोणी करून दिली नाही आणि शेरा मात्र पडला, कच्ची!

हे केवळ आमच्या वस्तीत घडते असे नाही. ब्राझील देशातल्या रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ, फळे विकणाऱ्या थोड्या मुलांचा अभ्यास तिघा संशोधकांनी केला आणि १९८५ साली प्रसिद्ध केला. विक्री करताना तोंडी विचारलेल्या शंभर हिशेबांतले अठ्ठ्याण्णव त्या मुलांनी बरोबर केले. तेच हिशेब कागदावर, शाळेच्या पद्धतीने मांडून दिले, तेव्हा शंभरात सदतीसच बरोबर आले. आपल्याकडे कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारात काम करणाऱ्या मुलांची पाहणी झाली. नोबेल मिळालेले अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो त्यात होते. तिचे निष्कर्ष २०२५ साली प्रसिद्ध झाले. बाजारातली मुले अवघड व्यवहार मनातल्या मनात करीत, पण शाळेच्या वहीतल्या गणितात अडत. उलट, केवळ शाळेत शिकणारी मुले वहीत हुशार, पण बाजारातल्या हिशेबात अडखळत. म्हणजे दोन्हीकडे ज्ञान आहे, मधला पूल नाही. हा पूल बांधणे म्हणजेच शिकवणे, असे मला वाटते.

आपल्याच महाराष्ट्रात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हे ओळखले होते. त्यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केले आणि पुढे १९५७ साली ते कोसबाडला नेले. तिथली आदिवासी मुले गुरे राखायला जात, म्हणून शाळेला येत नसत. तेव्हा मुले नाठाळ आहेत असे या दोघी म्हणाल्या नाहीत. गुरे जिथे चरत तिथेच शाळा गेली. तिचे नाव कुरणशाळा. मुलांच्या भोवतीचे दगड, पाने, शिंपले हेच शिकण्याचे साहित्य झाले.

पूल बांधायचा तर मूल बोलले पाहिजे, त्याचा हात फळ्यापर्यंत गेला पाहिजे. फळा म्हटला की आपल्या माणसाला एक प्रसंग आठवल्याशिवाय राहत नाही. एल्फिन्स्टन हायस्कुलात बालपणी बाबासाहेबांना शिक्षकांनी फळ्यावर गणित सोडवायला बोलावले, तेव्हा वर्गात गलका झाला आणि फळ्यामागे ठेवलेले आपले जेवणाचे डबे मुलांनी धावत जाऊन आधी काढून घेतले. चरित्रकारांनी हे लिहून ठेवले आहे. आज कोणी डबे उचलत नाही. पण वर्गात फळ्यापाशी कोणाला बोलावले जाते, हे आपल्या मुलांना जरूर विचारा. बहुधा पहिल्या तीन बाकांवरचीच नावे ऐकू येतील. शेवटच्या बाकावरचे मूल दहावीपर्यंत एकदाही खडू हातात न घेता बाहेर पडते. त्याला कोणी अडवलेले नसते. त्याला कोणी बोलावलेलेच नसते.

शिक्षकांना दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. पण एकेका वर्गात साठ-साठ मुले, शिवाय निवडणुकीची कामे, जनगणना, नाना तऱ्हेचे तक्ते भरणे. आमच्या ओळखीचे अनेक शिक्षक या सगळ्यातून वेळ काढून जीव तोडून शिकवतात. त्यांच्याकडूनच दोन-तीन साध्या गोष्टी मी शिकलो. त्यांना पैसा लागत नाही.

पहिली गोष्ट थांबण्याची. अमेरिकेतल्या मेरी बड रो या बाईंनी १९७० च्या दशकात वर्गावर्गांत बसून पाहिले. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबतात आणि मग स्वतः बोलतात किंवा दुसऱ्या मुलाकडे वळतात. तीन सेकंद किंवा त्याहून थोडे अधिक थांबले, की उत्तरे लांब होतात, बोलणाऱ्या मुलांची संख्या वाढते आणि "माहीत नाही" कमी होते. आमच्या वर्गात आम्ही मनात एक-दोन-तीन म्हणतो. सवय लागायला महिना गेला.

दुसरी गोष्ट पुस्तक मिटण्याची. आपली मुले धडा दहादा वाचतात आणि पाठ झाला असे समजतात. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्यांनी तो वाचून, मिटून, आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी तपासले तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने तपासले तेव्हा आठवून लिहिणारे बरेच पुढे गेले. परीक्षा पाच मिनिटांनी नसते, हे सांगायला नकोच.

तिसरी गोष्ट चुकीला मान देण्याची. "एक द्वितीयांश मोठा की एक तृतीयांश?" असे विचारले की अनेक मुले तृतीयांश म्हणतात. रागावण्याऐवजी "का बरे?" असे विचारावे. मूल सांगते, "तीन हा दोनापेक्षा मोठा ना!" त्याचा विचार कुठे वळला ते कळले, की एक भाकरी दोघांत आणि तिघांत वाटून दाखवायची. पुन्हा ते मूल चुकत नाही.

आईबापांनी काय करावे? रोज संध्याकाळी मुलाला एवढेच म्हणावे, "आज काय शिकलास ते मला समजावून सांग." ज्या आईला अक्षर येत नाही, तिलाही हे जमते. तिने फक्त ऐकायचे आणि "असे का?" म्हणून विचारायचे. सांगताना मूल जिथे अडखळते, तिथे नेमके काय कच्चे आहे ते कळते. मारायचे नाही. दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न गुरुजींना विचारायला सांगायचे.

आणखी एक हत्यार कायद्याने हातात दिले आहे. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. सरकारी आणि अनुदानित शाळांत व्यवस्थापन समितीचे किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया असतात. तीन चतुर्थांश म्हणजे पाऊण! पाऊण समिती आपली असताना आपण तिथे जाऊन सही करून चहा पिऊन परत येतो. रंगरंगोटी आणि स्नेहसंमेलन यांच्या जोडीला, किती मुलांना वाचता येते, शेवटच्या बाकावरची मुले फळ्यापाशी कधी येतात, हे प्रश्न तिथे नम्रपणे, पण दर वेळी विचारले पाहिजेत.

ती भाजीवालीची मुलगी आता नववीत आहे. पहिला नंबर वगैरे आलेला नाही. गणितात साठच्या पुढे मार्क पडतात, बाप शाळा सोडण्याचे नाव काढत नाही आणि आमच्या वर्गात पाचवीच्या मुलांना अपूर्णांक तीच शिकवते. सुरुवात करते पाव किलोपासून.

आपल्या सर्वांच्या ओठावर असलेल्या घोषणेतला पहिला शब्द 'शिका' हा आहे. नुसते शाळेत जा, असे तो सांगत नाही. या महिन्यात पालकसभा असेल तेव्हा एका रजेचे नुकसान सोसा, पण जा. मुलाला मार्क किती, हे तर विचाराच. त्याआधी विचारा: गुरुजी, माझे मूल वर्गात बोलते का?